पेरू का थांबू?

"मॅडम, पेरू का थांबू? येवढंच सांगा."

मृग लागला की हा प्रश्न सुरू होतो. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत आणि आसपासच्या गावांत काम केलेल्या एका कृषी सहायक बाईंना तो कधी पारावर, कधी कृषी केंद्राच्या ओट्यावर, तर कधी सकाळी सहाला फोनवर विचारला जायचा. विचारणाऱ्याच्या घरात बियाण्याच्या बॅगा येऊन पडलेल्या असायच्या. वखरणी झालेली, ट्रॅक्टरवाल्याकडे नंबर लागलेला. त्यात शेजारच्या वावरात पेरणी सुरू झालेली दिसली, की त्याचा जीव आणखी खालीवर व्हायचा. त्याला एका शब्दात उत्तर हवं असायचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाईंनी ते एका शब्दात दिलंही होतं. दोन दिवस पाऊस झाला होता, जमिनीला वाफसा आला होता, पुढचा अंदाजही बरा वाटत होता. "पेरा," त्या म्हणाल्या. त्यांच्या शब्दावर सहा घरांनी पेरलं आणि पुढे अठरा दिवस आभाळ कोरडं राहिलं. भारी जमिनीतलं पीक कसंबसं तगलं. बरडावरचे कोंब वर आले आणि माना टाकून वाळले. सहापैकी चौघांना दुबार पेरणी करावी लागली. त्यांतल्या एकानं पहिलंच बियाणं उधारीवर आणलेलं होतं. तो रस्त्यात भेटला तेव्हा बाईंना बोलायला शब्द सुचेनात. तोच म्हणाला, "तुमचा काय दोष मॅडम, पानी कोनाच्या हातात हाय?"

त्यानं दोष दिला असता तर कदाचित बरं वाटलं असतं. त्या रात्री बाईंनी आठवडाभराचे अंदाज पुन्हा काढून वाचले. त्यांत लिहिलं होतं, 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता'. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' या शब्दांना मोजलेला अर्थ आहे. त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस पडेल, एवढंच ते सांगतात. 'काही ठिकाणी' म्हणजे सव्वीस ते पन्नास टक्के, 'अनेक ठिकाणी' म्हणजे एक्कावन्न ते पंच्याहत्तर आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. बाईंना हे ठाऊक होतं, परीक्षेत त्यांनी ते लिहिलंही होतं. पण पारावर उभं राहून बोलताना 'तुरळक ठिकाणी'चं 'पाणी येणार' कधी झालं, ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. अंदाज चुकला नव्हता. त्या पत्रकात पाऊस न पडण्याचीही जागा होती आणि बाईंनी ती गाळून उरलेली गोष्ट लोकांना सांगितली होती.

त्यानंतर त्यांनी एका शब्दात उत्तर देणं सोडलं. पण त्याऐवजी काय सांगायचं, हे मात्र लगेच सापडलं नाही.

ते सापडलं एका दहावीतल्या मुलीच्या वहीत. इंझोरीतल्याच एका घरी बाई बीजप्रक्रिया दाखवायला गेल्या होत्या. ओसरीवर मुलगी गणित भाग १ उघडून बसली होती. पाचवं प्रकरण, संभाव्यता. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना असे सगळे जड शब्द. दोन नाणी फेकली तर काय काय पडू शकेल ते तिनं महिरपी कंसात मांडलं होतं : छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप, काटा-काटा. बाईंनी तिच्याकडून कोरं पान मागून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तुझ्या बाबांचा नमुना अवकाश मांड. बाबा पेरतील किंवा थांबतील. पाऊस टिकेल किंवा उघाड पडेल."

पोरीनं झटकन चार ओळी लिहिल्या. पेरलं आणि पाऊस टिकला. पेरलं आणि उघाड पडली. थांबलो आणि पाऊस टिकला. थांबलो आणि उघाड पडली. मग पेन्सिल गालाला लावून तिनं विचारलं, "मॅडम, नाण्यासारखं प्रत्येकाला पाव-पाव लिहू?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता. पुस्तकातलं नाणं, फासा, पत्त्यांचा कॅट यांच्या निष्पत्ती समसंभाव्य असतात, म्हणजे प्रत्येकीला सारखीच संधी. फाशाला सहा बाजू सारख्या घासलेल्या असतात म्हणून एक षष्ठांश. पावसाला कोणी तसं घासलेलं नाही. चार गोष्टी घडू शकतात म्हणून प्रत्येकीची शक्यता पंचवीस टक्के होत नाही. 'येईल नाही तर नाही येणार, म्हणजे पन्नास टक्के' हे वाक्य गावात जितक्या सहज कानी पडतं, तितक्याच सहज शहरातल्या कचेरीतही. शिवाय प्रत्येक ओळीतला पहिला भाग बाबांच्या हाती आहे आणि दुसरा आभाळाच्या. पेरायचं का थांबायचं याला शक्यता नसते, तो निर्णय असतो. शक्यता असते ती पावसाला, आणि ती जुन्या नोंदींवरून आणि अंदाजावरून घ्यावी लागते.

मुलीचे बाबा तोवर जवळ येऊन बसले होते. बाईंनी त्यांना प्रत्येक ओळीपुढे एकरी किती सोयाबीन पिकेल ते विचारलं. आकडे सोयीसाठी ठोकळमानाने घेतले, पण ते त्यांच्याच तोंडचे होते. वेळेवर पेरून पाऊस टिकला तर आठ क्विंटल. आठ-दहा दिवस थांबून पेरलं आणि पाऊस टिकलेलाच असला तर सात. थांबलो आणि मध्ये उघाड पडली, तर आणखी उशिरा पेरणी, म्हणून सहा. पेरलं आणि उघाड पडली, तर दुबार पेरणीचे तेच सहा, पण त्यातून दुसऱ्यांदाचं बियाणं, खत, ट्रॅक्टर वजा. त्या खर्चाचे दीड क्विंटल धरले. राहिले साडेचार.

मग बाईंनी विचारलं, "भाऊ, दहापैकी किती वर्षी मृगाच्या पावसानंतर अशी उघाड पडते?" ते बराच वेळ बोटं मोजत राहिले. "तीन तं असतीनच," ते म्हणाले.

पोरीनं हिशेब केला. पेरलं तर सरासरी सहा क्विंटल पंच्याण्णव किलो, थांबलं तर सहा क्विंटल सत्तर किलो. म्हणजे सरासरीच्या हिशेबानं पेरणं थोडं वर. पण उघाडीची शक्यता दहात चारवर गेली की दोन्ही बाजू सारख्या होतात, आणि त्यापुढे थांबणं सरस. बाबांनी वहीत डोकावून पाहिलं, पण सरासरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी साडेचारावर बोट ठेवलं. "हे झालं तं मी दुकानदाराचे पैसे कुठून देऊ? मले पाच तं पायजेच."

या एका वाक्यानं बाईंचं काम बदललं. दहावीच्या पुस्तकात संभाव्यता काढली की उत्तर संपतं. शेतात तिथून पुढे दुसरा प्रश्न सुरू होतो. या चार निष्पत्तींपैकी कोणती या घराला सोसवणार नाही? विहीर असलेला, भारी जमिनीचा, बियाणं रोखीनं घेतलेला शेतकरी दहात तीनचा धोका घेऊ शकतो, कारण वाईटात वाईट झालं तरी त्याचं घर उभं राहतं. ठोक्यानं वावर केलेल्या, उधारीवर पेरणाऱ्या माणसाला तोच धोका वर्षभर पुरून उरतो. पाऊस दोघांनाही तेवढाच, शक्यताही तीच, आणि तरी एकाला 'पेरा' आणि दुसऱ्याला 'थांबा' सांगणं बरोबर ठरू शकतं. पारावर सगळ्यांना मिळून दिलेला एकच सल्ला म्हणूनच धोक्याचा.

याला एक जुनी समजूत आडवी येते. 'मी तीन वर्षं मृगातच पेरतो, कधी फसलो नाही.' दहात तीनची उघाड धरली तर सलग तीन वर्षं न फसण्याची शक्यता शंभरात चौतीस आहे. गावात तीनशे शेतकरी तसंच पेरत असतील, तर पाऊस सगळ्यांना एकच असल्यामुळे ते तीनशेही एकदमच वाचलेले असतात आणि एकमेकांना आपला अनुभव खरा असल्याची ग्वाही देतात. सलग दहा वर्षं न फसण्याची शक्यता मात्र शंभरात तीनाच्याही आत जाते. याच्या उलट टोकाची समजूतही तेवढीच पक्की असते. 'दोन साल वाईट गेले, यंदा पानी येणारच.' पावसाला मागच्या वर्षाची भरपाई करण्याचं बंधन नाही.

२०२५ चा मे महिना या सगळ्याची परीक्षा घेणारा होता. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, इतका लवकर की बातम्यांमधून दुसरा विषयच नव्हता. इकडे मे महिन्याच्याच पावसानं वावरं ओली झाली होती. 'आला पावसाळा' म्हणून काही जणांनी तिफण काढली. आणि मग मान्सूनची वाटचाल मे अखेरीला थबकली, ती जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भाच्या बऱ्याच भागाला वाट पाहावी लागली. कृषी विभाग घाई करू नका म्हणून सांगत होता. पेरणीजोगा पाऊस म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर, हा जुनाच नियम. मुंबईत मान्सून आला हे खरं होतं, पण ती माहिती इंझोरीच्या वावराबद्दलची नव्हती. त्याआधी २०२३ मध्ये उलटं झालं होतं. जून जवळजवळ सरल्यावर विदर्भात मान्सून पोचला, जुलैत धो धो बरसला आणि ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पेरणी साधली तरी पीक साधेल असं नाही, हे त्या वर्षी शेंगा भरायच्या वेळी कळलं. म्हणजे वहीतल्या चार ओळी खरं तर चारच नसतात. प्रत्येक ओळीला पुढे फांद्या फुटत जातात.

सगळंच आभाळावर असतं असंही नाही. बियाण्याची शक्यता माणसाला घरबसल्या मोजता येते, आणि बाईंचा सर्वांत जास्त जीव याच कामात होता. २०१९ च्या ऑक्टोबरात सोंगणीच्या वेळी पाऊस लागून राहिला, सोयाबीन गंजीतच भिजलं. पुढच्या वर्षी, २०२० च्या खरिपात, बियाणं उगवलं नसल्याच्या तक्रारींचा राज्यभर पूर आला. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, बॅग उंचावरून टाकली तरी आतला कोंब दुखावतो. प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवण लागते. घरचं बियाणं वापरायचं तर ती आपणच तपासायची.

रीत सोपी आहे. पोतं भिजवून घ्यायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, पोत्याची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. पाच ते सात दिवसांनी उलगडून धड कोंब आलेले मोजायचे. इंझोरीत पहिल्या वर्षी लोकांनी ही चाचणी केली, पण आपल्या पद्धतीनं. एकानं वाटीत दहा दाणे भिजवले, सात उगवले. "सत्तर टक्के. पास."

दहा आणि शंभर यांत फरक काय, हे समजावताना बाईंना पुन्हा ती वही आठवली. समजा बियाणं वाईट आहे, निम्मंच उगवणारं. त्यातले दहा दाणे उचलले, तर निव्वळ योगायोगानं सात किंवा जास्त उगवण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे जवळपास सहात एकदा. सहा जणांनी वाटीत दहा दाणे भिजवले तर त्यांतला एखादा नापास बियाणं पास करून मोकळा होणार. त्याच बियाण्याचे शंभर दाणे मांडले, तर त्यांतले सत्तर किंवा जास्त उगवण्याची शक्यता लाखात चारच्या आसपास उरते. काम वाढलं दहापट, चूक जवळजवळ नाहीशी झाली. तरीसुद्धा शंभर दाण्यांचं उत्तर दगडावरची रेघ नसते. खऱ्या सत्तर टक्क्यांच्या बियाण्यात एखादं पोतं त्रेसष्ट दाखवतं, एखादं शहात्तर. म्हणून तीन पोती. तिन्हींची सरासरी घेतली की खरा आकडा बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या आत-बाहेर सापडतो. उगवण सत्तरच्या खाली असली तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, फारच खाली असली तर ते बियाणं बाजारात विकायचं, वावरात न्यायचं नाही.

शक्यता कमी करता येते तशी तिची झळही कमी करता येते. सोयाबीनच्या दर काही तासांनंतर (ओळींनंतर) तुरीचं एक तास टाकण्याची वऱ्हाडातली रीत हेच करते. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, तूर साडेपाच-सहा महिने उभी असते. ऑगस्टच्या खंडानं एकाचं नुकसान झालं तरी दुसऱ्याला सप्टेंबरचा पाऊस मिळतो. सोयाबीन बुडण्याची शक्यता चारात एक, तूर बुडण्याची चारात एक, म्हणून दोन्ही बुडण्याची सोळात एक, असा गुणाकार मात्र इथे चालत नाही. दोन्ही पिकं एकाच आभाळाखाली उभी असतात. पाऊसच गेला तर दोघांनाही फटका बसतो, आणि दोन्ही बुडण्याची खरी शक्यता सोळात एकपेक्षा नक्कीच जास्त असते. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या बीबीएफवर, पेरण्याचा आग्रह बाई धरायच्या तोही झळ कमी करण्यासाठीच. उघाड पडली तर सरीत मुरलेली ओल कामाला येते, पाऊस जास्त झाला तर त्याच सरीतून पाणी बाहेर पडतं. कोणती निष्पत्ती येणार हे सांगता येत नसताना दोन्हीकडे टिकणारी सोय करणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

पीक कापणी प्रयोगाच्या दिवसांत हेच गणित वेगळ्या अंगानं पुढे यायचं. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरवायला कोणाचं वावर कापायचं, हे कोणी निवडत नाही. यादृच्छिक अंकांनी गट नंबर निघतो, आणि वावरातला कोपराही त्याच रीतीनं ठरतो. दरवर्षी कोणीतरी सांगायचंच, "मॅडम, हे वावर नका घेऊ, ते बगा, तिकडे सारं गेलं." त्यांच्या म्हणण्यात दुःख खरं असायचं. पण मनानं निवडलेलं वावर निवडणाऱ्याच्या मनाचंच उत्पन्न सांगतं. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव मोठं आहे. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले, आणि १९४० च्या दशकात त्यांनी व विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणीची नमुना पद्धत शेतात उतरवून दाखवली. आजही पीकविम्याचा हिशेब तशा प्रयोगांवर उभा आहे. आधीच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन त्यावरून उंबरठा उत्पन्न ठरतं, मंडळाचं उत्पन्न त्याखाली गेलं तर भरपाई मिळते. म्हणजे एकाचं वावर पार खरडून गेलं आणि मंडळाची सरासरी ठीक निघाली, तर त्या सरासरीत त्याचं नुकसान दिसतच नाही. खरिपाला दोन टक्के हप्ता भरताना ही निष्पत्तीही शेतकऱ्याला आधी सांगायला हवी. बहुतेक वेळा ती कोणी सांगत नाही, आणि मग विम्यावरचा त्याचा विश्वासच उडतो. बाईंच्या मते ही मोठी चूक आहे, आणि ती सुधारायला पैसा लागत नाही, फक्त हप्ता भरण्याआधी पाच मिनिटं बोलावं लागतं.

ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी लागली की प्रश्न बदलतो. "मॅडम, आज पानी हाय का?" अंदाजात दहा टक्के शक्यता असेल तर पूर्वी बाई म्हणायच्या, "नाही, बहुतेक नाही." नंतर त्या विचारू लागल्या, गंजी झाकायला किती लागतील? ताडपत्री, मजुरी मिळून पाचशे. भिजली तर नुकसान किती? दहा हजार तरी. मग विसात एकदा जरी पाऊस येण्याजोगा असेल तरी झाकणं परवडतं. दहात एकला तर नक्कीच झाकायचं. नऊ वेळा झाकलेलं वाया गेल्यासारखं वाटेल, शेजारी काही म्हणतीलही. तो निर्णय तरीही बरोबरच असतो, कारण तो पाऊस पडण्याआधी, हाती असलेल्या माहितीवर घेतलेला असतो.

उधारीवर बियाणं आणलेला तो शेतकरी पुढच्याही वर्षी पाऊस पडताच बाईंकडे आला. तोच प्रश्न. बाई त्याच्यासोबत वावरात गेल्या, बोटभर खोल माती उकरून ओल पाहिली, पत्रकातले शब्द मोजून सांगितले आणि वहीतल्या चार ओळी पुन्हा मांडल्या. त्यानं ऐकून घेतलं आणि ठरवलं ते स्वतः. भारी जमिनीतले दोन एकर त्याच दिवशी पेरले, बरडावरचे तीन एकर दुसऱ्या पावसापर्यंत ठेवले. त्या वर्षी उघाड पडलीच नाही. बरडावरचं पीक आठवडाभर मागे राहिलं, थोडं कमी पिकलं. "थांबलो नसतो तं बरं झालं असतं का?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "जास्त पिकलं असतं, पण थांबलात ते बरोबरच केलंत."

पेरणी तोंडावर आली की या सगळ्याला सवड राहत नाही. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलेल्या प्रत्येकानं मे संपायच्या आत तीन पोती भिजवावीत, प्रत्येकावर शंभर दाणे मांडावेत, आणि मोजायला घरातल्या दहावीच्या पोराला किंवा पोरीला बसवावं.